एक टनाची साठवण आणि चौसष्ट चिन्हांची मर्यादा

संगणकाच्या इतिहासात प्रारंभीच्या साठवणयंत्रांचे अवाढव्य आकारमान हा बहुधा कौतुकाचा विषय होतो. भाषेच्या अभ्यासकाने मात्र त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. साठवणीची जागा इतकी दुर्मिळ असता लिपीच्या वाट्यास किती जागा आली, हा तो प्रश्न होय.

सप्टेंबर १९५६ मध्ये आय. बी. एम. कंपनीने 'रॅमॅक ३०५' हा संगणक जाहीर केला. त्याचे '३५०' हे साठवणयंत्र म्हणजे व्यापारी उपयोगात आलेले चुंबकीय चकत्यांचे पहिले साधन. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील प्रयोगशाळेत रेनल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ते सिद्ध झाले. चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या एका उभ्या कण्यावर मिनिटास १,२०० वेळा फिरत. चकत्यांच्या १०० पृष्ठांपैकी प्रत्येकावर १०० वर्तुळाकार मार्ग व प्रत्येक मार्गावर ५०० चिन्हे. म्हणजे एकंदर ५० लक्ष चिन्हे. यासाठी पाच फूट लांबीचे, पुरुषभर उंचीचे व सुमारे एक टन वजनाचे कपाट लागे. चकतीवरील चुंबकीय खुणा अत्यंत विरळ, म्हणजे इंचास सुमारे १०० बिट एवढ्याच असत. आकारमानाचे मुख्य कारण हेच.

ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या व दर ओवीस साठ चिन्हे धरल्यास या कपाटात ग्रंथाच्या नऊ प्रती मावल्या असत्या. परंतु प्रत्यक्षात एक प्रतही सरळपणे उतरविता आली नसती. कारण येथील प्रत्येक चिन्हास अर्थवाहक बिट सहाच होते, आणि सहा बिटांतून ६४ संकेतच संभवतात. रोमन लिपीची मोठी व लहान अक्षरे मिळून ५२ होतात. त्यांत दहा अंक मिळविले की विरामचिन्हांस दोनच जागा उरतात. म्हणून इंग्रजीसही लहान अक्षरांवर पाणी सोडावे लागले. मराठीचे ११ स्वर, ३४ व्यंजने, १० स्वरचिन्हे, अनुस्वार, विसर्ग, हलन्त व दहा अंक यांची बेरीज ६८ होते. म्हणजे विरामचिन्हांपूर्वीच मर्यादा ओलांडली जाते.

सहा बिटांची प्रथा देवनागरीस वगळण्याच्या हेतूने पडली नाही, हे खरे. छिद्रित पत्रांवरील मोजक्या चिन्हांचा वारसा आणि महाग साठवण यांतून ती रूढ झाली. परंतु हेतू नसला तरी परिणाम टळत नाही. भारतीय लिप्यांसाठी आय. एस. १३१९४ हे आठ बिटांचे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. युनिकोडची देवनागरीसह पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह चोवीस बिट घेते, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

यंत्रयुगात देवनागरी मागे पडली याचा दोष अनेकदा तिच्या जोडाक्षरांच्या गुंतागुंतीस दिला जातो. छपाई व टंकलेखन यांपुरता तो विचारार्ह आहे. परंतु संगणकातील साठवणीच्या बाबतीत वरील हिशेब असे दाखवितो की, उणीव लिपीत नव्हती, अवघ्या चार संकेतांची होती. लिपीसुधारणेच्या चर्चेत यंत्राची तत्कालीन मर्यादा आणि लिपीचा स्वभाव या दोहोंची गल्लत होऊ नये, एवढा बोध या इतिहासातून घेण्यासारखा आहे.