मध्यमाहरणापासून मध्यपदाच्या फोडीपर्यंत : वर्गत्रिपदीच्या अवयवांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

शालेय बीजगणितात वर्गसमीकरणाची उकल शिकविताना अवयव पद्धती प्रथम, पूर्ण वर्ग पद्धती त्यानंतर व सूत्र शेवटी येते. त्यामुळे अवयव पद्धती हीच सर्वांत प्राचीन असावी, असा समज होतो. इतिहास मात्र याच्या उलट आहे. पूर्ण वर्गाची रीत सुमारे ३,८०० वर्षांची, तर अवयवांद्वारे समीकरण सोडविण्याची रीत जेमतेम ४०० वर्षांची आहे. या अंतराची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्राचीन परंपरा :

ब्रिटिश म्युझियममधील १३९०१ क्रमांकाच्या बॅबिलोनियन मृत्तिकापट्टिकेत पहिलेच उदाहरण असे आहे : चौरस व त्याची बाजू यांची बेरीज ३/४ आहे. लेखनिक १ च्या निमपटीचा वर्ग, म्हणजे १/४, मिळवितो. आलेल्या १ चे वर्गमूळ घेऊन त्यातून १/२ वजा करतो आणि बाजू १/२ काढतो. दोन संख्यांची बेरीज व गुणाकार यांवरून त्या संख्या शोधण्याची उदाहरणेही तेथे प्रचलित होती. मध्यपदाची फोड करताना आजचा विद्यार्थी हाच प्रश्न अंदाजाने सोडवितो. बॅबिलोनच्या लेखनिकाजवळ त्यासाठी निश्चित रीत होती.

भारतात ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त (इ. स. ६२८) ऋण राशी व शून्य यांचे नियम दिले. शून्याने गुणले असता गुणाकार शून्य येतो, हेही त्याने सांगितले. तथापि वर्गसमीकरणात अव्यक्त राशी एका पक्षात व रूपे दुसऱ्या पक्षात ठेवण्याचीच प्रथा होती. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. ११५०) या प्रकरणाचे नावच ‘मध्यमाहरण’ असे आहे. तेथे मधले पद फोडावयाचे नसून पूर्ण वर्गात सामावून नाहीसे करावयाचे असते.

त्यांचे वानरांचे उदाहरण बोलके आहे. कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली व एक फांदीवर दिसले. आजच्या लेखनात समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ० होते व त्याचे अवयव (क्ष − ५०)(क्ष − ५) पडतात. भास्कराचार्यांनी ५० व ५ ही दोन्ही उत्तरे काढली. परंतु ५ च्या पंचमांशातून ३ वजा केल्यास ऋण राशी येते, म्हणून ५ त्याज्य ठरविले.

नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीनेही क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण चौरस पूर्ण करून सोडविले. त्याने ३ हेच उत्तर दिले. −१३ चा विचारच केला नाही.

सतराव्या शतकातील वळण :

इंग्लंडच्या थॉमस हॅरियटच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात द्विपदींच्या गुणाकारातून समीकरणे सिद्ध होताना दिसतात. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ च्या ‘भूमिती’त क्ष − २ = ० व क्ष − ३ = ० यांचा गुणाकार करून क्ष² − ५क्ष + ६ = ० मिळविले. यासाठी सर्व पदे एका बाजूस आणून दुसरीकडे शून्य ठेवणे आवश्यक होते. गुणाकार शून्य असेल तर किमान एक अवयव शून्य असतो, हा या पद्धतीचा प्राण होय.

समारोप :

क्ष² + बक्ष + क या त्रिपदीत ब व क यांना १ ते १० या पूर्णांक किमती दिल्यास १०० त्रिपदी होतात. त्यांपैकी केवळ १४ चे पूर्णांकी अवयव पडतात. पाठ्यपुस्तकातील निवडक उदाहरणांमुळे हे लक्षात येत नाही. (क्ष − २)(क्ष − ३) = २ यावरून विद्यार्थी क्ष − २ = २ लिहितो, तेव्हा त्याची फोड चुकलेली नसते; शून्याचे स्थान त्याला उमगलेले नसते. म्हणून फोडीच्या सरावाआधी शून्य गुणाकाराचे तत्त्व आणि सोबतच मध्यमाहरण शिकविले जावे, असा निष्कर्ष निघतो.