दिवा लागण्याआधी

आमचे वडील घाट आला की गाडीतला रेडिओ बंद करायला लावत. त्यांना इंजिन ऐकायचं असे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तोपर्यंत मध्यमवर्गीयांपुढे मुख्यतः दोनच गाड्या होत्या, कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट किंवा कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि मिळाली की ती पंधरा-वीस वर्षं टिकवायची. डॅशबोर्डवर काटे आणि दिवे मोजकेच असत. त्यामुळे बाकीचं निदान कान, नाक आणि तळपायाकडे होतं.

वेग घेताना किंचाळी ऐकू आली की फॅनबेल्ट सैल. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर म्हणजे चाकाचं बेअरिंग. इंजिन ओरडतंय, पण गाडी ओढत नाही, वर जळका वास, म्हणजे क्लचप्लेट संपत आली. मे महिन्याच्या गर्दीत गाडी गुदमरली तर बोनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं! आजच्या मुलांना ही बुवाबाजी वाटते. पण पंप इंजिनाला खेटून असे, तिथे पेट्रोलची वाफ होई, आणि वाफ पुढे ढकलणं त्या पंपाला जमत नसे. फडक्याने पंप निवला की गाडी पुन्हा चालू.

१९८६ साली मी बोरघाट उतरत होतो. लायसन्स नवं, मागे आई आणि धाकटी बहीण. टॉप गियरमध्येच ब्रेक दाबत चाललो होतो. शेजारी वडिलांचा डोळा लागला होता. डोळे न उघडताच ते म्हणाले, ‘‘ब्रेक खोल जातोय का रे?’’

जात होता. त्यांना लायनिंगचा वास आला होता. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापून फुगला की पॅडल खोल जातं आणि लायनिंगची पकड सुटते. ‘‘पंप कर. तिसरा टाक. आता दुसरा.’’ आवाज चढलेला नव्हता. डोंगराच्या कडेला गाडी थांबली, तेव्हा माझे पाय लटपटत होते. आईला काय झालं ते कळलंच नाही. अर्धा तास आम्ही तिथे शेंगा खात बसलो.

पुढे निदान गाडीनेच करायचं, असं ठरलं. अमेरिकेत १९९६ पासून, आपल्याकडे २०१० पासून टप्प्याटप्प्याने ही व्यवस्था सक्तीची झाली. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा तिचाच. तो मुळात प्रदूषणावर लक्ष ठेवायला आला. इंजिन किंचित मिसिंग मारत असेल, तर ते माझ्या कानाआधी त्याला कळतं, हे कबूल करायला हवं. पण ब्रेकच्या लायनिंगचा वास त्याला येत नाही.

आता मुलगी काचा बंद करून, गाणी लावून घाट उतरते. मी शेजारी नाक ताणून बसलेला असतो.

‘‘बाबा, एकही दिवा लागलेला नाही.’’

‘‘ते ठीक,’’ मी म्हणतो, ‘‘पण तिसरा टाक.’’