नक्कल आणि मजुरी



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनच्या कचेरीत यंत्रमाग कामगारांच्या मजुरीचा हिशेब ठेवण्यासाठी आम्ही मोबाइलवर एक ॲप घेतले होते. घेतले होते असे म्हणतो खरा, परंतु विकत घेतले नव्हते. एका कार्यकर्त्याने त्याची फुकटची, कुलूप काढलेली प्रत कोठून तरी मिळवली आणि आम्हां सहाजणांच्या फोनवर चढवली. त्या प्रतीवर आम्ही मालकांकडे थकलेली मजुरी मोजत होतो. एके दिवशी एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी कचेरीत आली. ती पुण्यात स्वतः अशीच लहान ॲप तयार करून विकते. तिने माझा फोन चाळला आणि विचारले, "काका, सगळ्यांची थकबाकी लिहिलीत. हे ज्याने केले, त्याची कोणत्या पानावर लिहिली आहे?"

मला उत्तर देता आले नाही. आठवीनंतर माझी शाळा सुटली; पुढे जे काही शिकलो ते मागावर, मोर्चात आणि सार्वजनिक वाचनालयात. उत्तर सुचले नाही म्हणजे मागचा इतिहास काढून वाचावयाचा, ही सवय तेथलीच. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हे भांडण मोबाइलहून बरेच जुने आहे. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचा संगणक झळकला. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथली एम.आय.टी.एस. ही कंपनी त्याचे सुटे भाग विकत असे आणि हौशी लोक ते घरी जुळवीत. परंतु नुसते यंत्र म्हणजे बिनसुताचा माग. त्याला आज्ञा देता यावी म्हणून बिल गेट्स, पॉल ॲलन आणि मॉन्टी डेव्हिडॉफ ह्या तिघा तरुणांनी 'बेसिक' ही भाषा त्यावर बसवली. ती भोके पाडलेल्या कागदी फितीवर येत असे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात पॅलो अल्टो येथे झालेल्या प्रात्यक्षिकाच्या वेळी एक फीत कोणीतरी उचलली. तिच्या प्रती निघाल्या आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' ह्या हौशी मंडळाच्या सभेत वाटल्या गेल्या.

३ फेब्रुवारी १९७६ ह्या तारखेचे एक अनावृत पत्र गेट्सने ह्या मंडळींना लिहिले. त्याचे वय तेव्हा वीस होते. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे. मिळालेल्या पैशांना कामाच्या तासांनी भागले तर तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. त्या वर्षी अमेरिकेत बहुतेक उद्योगांतले कायदेशीर किमान वेतन तासाला २ डॉलर ३० सेंट होते. पुढे हाच मनुष्य जगातील सर्वांत श्रीमंत झाला, म्हणून आज त्या पत्राचे आपल्याला हसू येते. पण सहीवर हात ठेवून ते वाचून पाहावे. मग समोर उरतो तो किमान वेतनही हाती न पडलेला एक कारागीर.

येथे ह्या धंद्याची खरी गोम ध्यानी घेतली पाहिजे. आमच्या मागावर मजुरी पिकावर, म्हणजे विणीच्या धाग्यांच्या हिशेबाने ठरते. नव्या मीटरला नवे श्रम लागतात आणि कापड मोजले की मजुरी मोजता येते. संगणकाच्या आज्ञावलीचे तसे नाही. सगळे श्रम पहिल्या प्रतीत खर्च होतात. दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून करणाऱ्याची वर्षा-दोन वर्षांची मजुरी हजारो प्रतींवर चिल्लर चिल्लर करून वाटलेली असते. फुकट प्रत घेणारा म्हणतो, "मी कोणाचे काय नेले? त्याची वस्तू तर त्याच्याजवळच आहे." हे खरे आहे. त्याने वस्तू नेली नाही. त्याने मजुरीतला आपला वाटा बुडवला.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. १९७६ मध्येच जिम वॉरन ह्या संपादकाने गेट्सला उत्तर देताना असे मांडले की, प्रत काढण्यापेक्षा विकत घेणेच सोपे वाटावे इतकी किंमत उतरवा, मग चोरी होणारच नाही. टॉम पिटमन ह्या कारागिराने 'टायनी बेसिक' पाच डॉलरांना विकावयास काढले आणि त्याला घेणारेही मिळाले. हा युक्तिवाद मला आवडला. गरिबाला परवडेल असा भाव ठेवा, असेच तर आपण सर्वत्र म्हणतो.

ह्या युक्तिवादाची मोठी परीक्षा बत्तीस वर्षांनी झाली. १० जुलै २००८ रोजी ॲपल कंपनीचे ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲप घेऊन उघडले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात गूगलचे दुकान निघाले. आता एकटा माणूस घरी बसून केलेले काम साऱ्या जगाला विकू शकत होता. दुकानदार शंभरातले तीस कापून घेई. पुष्कळ ॲपचा भाव ९९ सेंट होता, म्हणजे अमेरिकेत एका चहाहूनही कमी. आता तरी चोरी थांबावयास हवी होती.

ती थांबली नाही. चेक प्रजासत्ताकातील बर्नो शहरातल्या मॅडफिंगर गेम्स ह्या मंडळींनी 'डेड ट्रिगर' हा खेळ ९९ सेंटांना विकावयास ठेवला. जुलै २०१२ मध्ये अँड्रॉइडवर तो त्यांना फुकट करून टाकावा लागला. कारण त्यांनीच सांगितले: चोरीचे प्रमाण विश्वास बसू नये इतके मोठे होते.

असे होते कसे? चोर ॲपची फाइल उघडतो, पैसे भरले की नाही हे तपासणाऱ्या ओळी काढून टाकतो, तिच्यावर स्वतःची मोहर मारतो आणि दुसऱ्या ठिकाणी ती फुकट ठेवतो. आत जाहिराती असतील तर कधी त्यांचा खातेक्रमांक बदलून तेही उत्पन्न आपल्याकडे वळवतो, कधी घेणाऱ्याच्या फोनवर पाळत ठेवणारी आज्ञाही घुसडतो. गूगलने जुलै २०१० मध्ये परवाना तपासण्याची सोय आणली. पुढल्याच महिन्यात ती चुकवण्याची वाट दाखवली गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने चोरीच्या ॲपची तीन संकेतस्थळे ताब्यात घेतली आणि २०१४ मध्ये काहींनी गुन्हा कबूलही केला. तथापि एक दुकान बंद झाले की शेजारी दुसरे उघडे.

परंतु आकड्यांच्या बाबतीत आपण सावध असावे. लंडनच्या असटू कंपनीतल्या आठजणांच्या चमूने ५५ आठवडे खपून 'मॉन्युमेंट व्हॅली' हा खेळ २०१४ मध्ये आणला. खर्च सुमारे ८ लाख ५२ हजार डॉलर. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केले की, अँड्रॉइडवरील शंभर प्रतींपैकी पाचच पैसे भरून घेतलेल्या आहेत आणि ॲपलच्या यंत्रांवर चाळीस. उरलेल्या सगळ्या चोरीच्याच होत्या असे नाही, काहींनी एकाच खरेदीवर दोन यंत्रांवर खेळ घेतला होता, हेही त्यांनीच सांगितले. आणि तोवर सुमारे २४ लाख प्रती विकल्या जाऊन खर्च कित्येक पटींनी वसूल झाला होता. संपाच्या वेळी मालक नुकसानीचा आकडा कसा फुगवतो हे आम्ही पाहिलेले आहे. म्हणून प्रत्येक फुकट प्रत म्हणजे एक बुडालेले गिऱ्हाईक, असे मी म्हणणार नाही. मात्र चोवीस लाख विकणारा जे सोसतो, ते तीनशे प्रती विकणाऱ्या एकट्याला सोसत नाही.

मग एकट्याने काय केले? २००९ च्या ऑक्टोबरात ॲपलने फुकट ॲपच्या आत विक्री करण्यास परवानगी दिली होती. चोरीमुळे आणि आपसांतील चढाओढीमुळेही पुष्कळांनी तीच वाट धरली. दारात न मिळालेली मजुरी आत वसूल होऊ लागली: जाहिरातींतून, खेळातल्या खोट्या नाण्यांतून, आपल्याविषयीच्या माहितीतून. ती फेडतो कोण? ज्याच्या पोराच्या हातात तो फोन आहे तो कामगारच.

दुकानदारांनी २०२१ पासून लहान विक्रेत्यांचा कापण्याचा दर तीसवरून पंधरावर आणला. कारण तो हिशेब मांडणारे तोवर पुष्कळ झाले होते. फुकट प्रतीविरुद्ध मात्र हा एकटा माणूस संप करू शकत नाही. त्याचा मालक एक नाही. हजारो मालक आहेत आणि त्यांतला एक मी होतो.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश झाला आणि १९९४ च्या दुरुस्तीने चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा ठरला. परंतु किमान वेतनाचा कायदाही कागदावर होताच. जेथे माणसांनी तो मागितला आणि पाळला तेथेच तो जिवंत झाला. कुलूप, पोलीस, स्वस्ताई हे तिन्ही उपाय थोडेथोडे चालले. देण्याची सवय मात्र आपणच लावून घ्यावी लागते.

आमच्या कार्यकारिणीत मी हा विषय काढला तेव्हा दोघे हसले. शेवटी ठराव झाला. सहा फोनांवरील प्रती काढून टाकल्या आणि सहांचे पैसे भरले. पावती आली, तिच्यावर कंपनीचे नाव नव्हते. एका माणसाचे होते. आपण सारे घामाचे मोल मागणारे आहोत. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपला फोन उघडून, कोणाची मजुरी आपल्याकडे थकली आहे तेवढे पाहावे, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.