सुझेट्रिजीन

सुझेट्रिजीन : मध्यम ते तीव्र तात्कालिक वेदनेवरील, अफूवर्गाबाहेरचे संश्लेषित औषध. बॉस्टन येथील व्हर्टेक्स कंपनीने ते घडवले. संशोधनकाळातील नाव व्हीएक्स-५४८, व्यापारी नाव जर्नाव्हॅक्स. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३० जानेवारी २०२५ रोजी प्रौढांसाठी त्याला मान्यता दिली.

दुखापतीची वर्दी चेतातंतूंतून विद्युत् स्पंदांच्या रूपाने मेंदूकडे जाते. सोडियम आयन पेशीत शिरले की स्पंद उठतो आणि त्यांना आत घेणाऱ्या प्रथिन-वाहिन्यांचे माणसात नऊ प्रकार आहेत. लिडोकेन हे बधिर करणारे औषध त्यांत फारशी निवड करीत नाही. म्हणून ते हिरडीत टोचले तर दात न दुखता निघतो, पण रक्तात जास्त मिसळले तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. अफूवर्गातले मॉर्फीन मेंदू व मज्जारज्जूतील ग्राहींवर काम करते. तेथे वेदना शमते, तसा श्वासही मंदावतो आणि व्यसन जडण्याचा धोका राहतो. औषध घडवणाऱ्यांपुढे म्हणूनच नऊपैकी नेमकी एक वाहिनी गाठण्याचे काम होते.

वेदना न जाणवणाऱ्या पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून २००६ मध्ये नऊपैकी एनएव्ही १.७ ही वाहिनी प्रकाशात आली. अनेक कंपन्या तिच्यामागे लागल्या, पण रुग्णांवरील चाचण्यांत अपेक्षित गुण दिसला नाही. एनएव्ही १.८ ही वाहिनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जॉन वुड यांच्या गटाने १९९६ मध्येच वर्णिली होती. ती मुख्यतः मेंदूबाहेरच्या वेदनावाहक पेशींत आढळते. सुझेट्रिजीन या वाहिनीच्या विद्युत्दाब ओळखणाऱ्या एका भागाला चिकटते आणि तिला मिटलेल्या अवस्थेत धरून ठेवते. वाहिनीच्या इतर प्रकारांवर त्याचा परिणाम नगण्य असतो. या संशोधनातले खरे कसब हेच.

वेदना मोजायला यंत्र नाही. रुग्णाने ० ते १० मध्ये सांगितलेला आकडा हाच पुरावा, आणि तो आशेनेही खाली येतो. त्यामुळे एका गटाला औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी द्यावी लागते. अंतिम टप्प्यातील दोन चाचण्यांसाठी पायाच्या अंगठ्यालगतचे वाढलेले हाड काढण्याची आणि पोटाची त्वचा आवळण्याची शस्त्रक्रिया निवडली गेली, कारण तेथे वेदना केव्हा सुरू होणार हे आधी कळते. दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या ४८ तासांच्या नोंदींत सुझेट्रिजीन निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले. हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉल या अफूवर्गीय जोडगोळीपेक्षा मात्र ते वरचढ ठरले नाही. हा निकाल निराशाजनक मानणे योग्य नाही. अफूवर्गीय औषधांच्या अतिसेवनाने जेथे लाखो माणसे गेली, त्या अमेरिकेत व्यसनाच्या धोक्यावाचून मिळणारा आराम मोलाचा आहे.

पहिली मात्रा १०० मिग्रॅ., पुढे दर १२ तासांनी ५० मिग्रॅ. यकृतातील सीवायपी३ए हे विकर रोखणारी प्रभावी औषधे सोबत चालत नाहीत. ग्रेपफ्रूटही टाळावे लागते. दीर्घकालीन दुखण्यावर मान्यता नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सायटिका या अशाच दुखण्यावरील चाचणीत औषध घेणाऱ्यांची वेदना सुमारे २ अंकांनी उतरली, आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचीही जवळपास तेवढीच.