भैरवीच्या आधीची मैफल

केसरबाई केरकर हे नाव अलीकडच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असते ते व्हॉयेजर यानांमुळे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या या दोन यानांवर पृथ्वीची ओळख सांगणारी एकेक सोनेरी तबकडी बसवलेली आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने निवडलेल्या सत्तावीस संगीतखंडांत भारताच्या वाट्याला एकच आला : केसरबाईंनी गायिलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. संगीतवंशशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली होती. मात्र ध्वनिमुद्रिका बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली. अखेर न्यू यॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले.

ही कथा मोहक आहे आणि ती खरीही आहे. पण तिचा एक परिणाम झाला, त्याकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे. पाठ्यपुस्तकातील एकाच कवितेवरून सारा कवी ओळखला जावा, तसे केसरबाईंचे झाले. भैरवी ही आपल्याकडे मैफलीच्या शेवटी गातात. जगाला, आणि जगापलीकडेही, पोचला तो हा समारोप. ज्या गायकीसाठी जाणकार केसरबाईंकडे जात, ती त्यांच्या इतर ध्वनिमुद्रिकांत आहे आणि त्या फारशा कोणी ऐकत नाही.

त्या गायकीमागे किती वर्षे होती, हे पाहण्यासारखे आहे. १८९२ साली गोव्यातील फोंडा महालातल्या केरी गावी केसरबाईंचा जन्म झाला. बालपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ, मग रामकृष्णबुवा वझे, मुंबईत बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले, असे तुटक तुटक शिक्षण झाले. स्थिर तालीम मिळाली ती अल्लादिया खाँसाहेबांकडे, १९२१पासून. तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. बऱ्याच गायकांचा पाया ज्या वयात पक्का झालेला असतो, त्या वयात त्यांनी जयपूर-अत्रौली घराण्याची बिकट वाट नव्याने धरली आणि १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत ती सोडली नाही.

अशी विस्ताराची गायकी ७८ आरपीएमच्या तबकडीत कशी मावावी? एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. मैफलीत तेवढ्या वेळात राग नुकता उभा राहू लागतो. पुष्कळ गवयांनी या अडचणीपुढे मान तुकवून तबकडीसाठी हलकेफुलके काही गायिले. केसरबाईंनी तिथेही ख्याल गायिला. आलापाला फाटा देऊन बंदिशीलाच हात घालायचा, लय थोडी चढी ठेवायची, आणि खुल्या आकारात, एका दमाच्या लांब तानांनी रागाची आकृती पुरी करायची, ही त्यांची रीत. घाई मात्र कुठे जाणवत नाही. सम येते ती आपल्या जागी, आपल्या तोऱ्यात.

रसिकांनी आरंभ ‘ललित’पासून करावा. पंचम वर्ज्य आणि दोन्ही मध्यम असा हा पहाटेचा राग. मध्यमांची ती लगट आवाजाच्या भरीवपणामुळे कशी उजळते ते पाहावे. मग सांजवेळचा ‘ललिता-गौरी’ ऐकावा. त्यानंतर ‘नट-कामोद’. जोडराग हे या घराण्याचे वैभव. दोन रागांचा सांधा कुठे जुळतो हे शोधू जावे, तर तान पुढे निघून गेलेली असते. म्हणून ही तबकडी एकदा ऐकून भागत नाही. पुढे ‘देसी’ आणि ‘गौड मल्हार’ आहेतच. हे सारे मिळून अर्ध्या तासाच्या आतच आटोपते.

या श्रवणाला तातडीही आहे. केसरबाईंनी आकाशवाणीवर गाणे नाकारले, आणि शिष्यही जवळजवळ केले नाहीत. धोंडूताई कुलकर्णी यांनी त्यांच्याकडून घेतलेली विद्या जपली; त्याही २०१४ साली गेल्या. जिथे शिष्यपरंपरा विरळ, तिथे तबकडी हाच मोठा पुरावा उरतो. सुदैवाने पुढे संकलने निघाली, आणि संग्राहकांच्या चिकाटीमुळे आज यांतील बरेचसे ध्वनिमुद्रण महाजालावर विनासायास मिळते. खरखर आहे; तिची सवय दुसऱ्या तबकडीपर्यंत होऊन जाते.

पहिल्या व्हॉयेजरने २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. तिथे ती भैरवी कोणी ऐकेल की नाही, हे आपल्या हाती नाही. त्या भैरवीच्या आधीची मैफल ऐकणे मात्र आपल्याच हाती आहे.