प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलरचा उदय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : १९६० च्या दशकात अमेरिकेतील मोटार कारखान्यांत यंत्रांचे नियंत्रण विद्युत रिलेंद्वारे होत असे. मोटारीचे मॉडेल बदलले की कंट्रोल पॅनेलमधील तारा नव्याने जोडाव्या लागत. बिघडलेला रिले शोधणेही जिकिरीचे होते.

उदय व स्वरूप : १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंना पर्याय म्हणून इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची मागणी केली. डिक मोर्ले यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेने ‘मॉडिकॉन ०८४’ विकसित केला व १९६९ मध्ये तो पुरविला. संस्थेचा हा ८४ वा प्रकल्प असल्याने त्यास हा क्रमांक मिळाला. हा नियंत्रक इनपुटची स्थिती वाचतो, प्रोग्रामनुसार निर्णय घेतो व आउटपुटला आज्ञा देतो. हे चक्र अखंड चालते. त्यामुळे तारा न हलवता केवळ प्रोग्राम बदलून यंत्राचे काम बदलणे शक्य झाले. विशेष म्हणजे त्यासाठी संगणकतज्ज्ञांची भाषा न घेता, रिलेच्या आकृतीशी साम्य असणारी शिडीसारखी ‘लॅडर’ आकृती स्वीकारण्यात आली. कारखान्यातील इलेक्ट्रिशियनला ती वाचता येत होती.

निष्कर्ष : या नियंत्रकाच्या स्वीकारामागे केवळ इलेक्ट्रॉनिक्सची प्रगती नव्हती, कामगाराच्या पूर्वज्ञानाला त्यात स्थान मिळाले होते. स्वयंचलनाचा इतिहास अभ्यासताना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.