छावणीतून वर्गात आलेली गटचर्चा

व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशातली गटचर्चा ही कॉर्पोरेट जगाची देणगी वाटते, पण तिचं मूळ लष्करी छावणीत आहे. 1942 मध्ये ब्रिटिश सैन्याला अधिकाऱ्यांची चणचण भासली. घराणं आणि शाळा पाहून निवडण्याची रीत पुरेना. नव्या निवड मंडळांत विल्फ्रेड बियॉन या मनोविकारतज्ज्ञाने नेता न नेमलेल्या गटाची कसोटी आणली. कोण किती बोलतो, हे मोजायचं नव्हतंच. स्वतः चमकायची ओढ आणि गटाचं काम यांच्या कात्रीत माणूस इतरांशी कसा वागतो, ते पाहायचं होतं. भारतीय सैन्याने ही पद्धत उचलली, आणि आजही पाच दिवसांच्या निवडीत चर्चा हा अनेक कसोट्यांपैकी एक तुकडा असतो. व्यवस्थापन संस्थांनी नेमका तेवढाच तुकडा घेतला, तोही काही मिनिटांचा. मग शिकवणी वर्गांनी सुरुवात कधी करायची, मध्ये कसं घुसायचं, समारोप कसा पटकावायचा हे घोटून घेतलं, आणि चर्चेचा मासळी बाजार झाला. (नेता नसलेल्या गटात सगळेच नेते!)

तयारीमुळे लहान गावातल्या, मराठी माध्यमातल्या मुलांना धीर येतो, हा आक्षेप रास्त आहे. पण तो मुलाखतीला जास्त लागू पडतो. तिथे स्वतःचा अर्ज, पदवीचा विषय, केलेलं काम नीट उलगडता येणं हीच तयारी, आणि पाठ केलेलं उत्तर पुढच्या उपप्रश्नाला उघडं पडतं. गेल्या दशकात अनेक आयआयएमनी गटचर्चेच्या जागी लेखी परीक्षा आणली. मुलाखत मात्र ठेवली.